टिमथीचे हिवाळे

१७ मार्च १७८० रोजी इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील रिंगमर या गावी एक पन्नाशी उलटलेला धर्मोपदेशक आपल्या नुकत्याच वारलेल्या आत्याच्या घरून एक कासव घेऊन निघाला. कासव त्या वेळी अंगणातल्या मातीखाली झोपलेले होते. ते खणून वर काढावे लागले. थंडी अजून सरली नव्हती, पण कासवाला अर्धवट जाग आलेली होती, आणि झोपमोड झाल्याचा राग त्याने फुसकारून व्यक्त केला. मग एका खोक्यात माती भरली, त्या मातीत कासव ठेवले आणि टप्प्याटप्प्याला घोडे बदलणाऱ्या भाड्याच्या गाड्यांतून ऐंशी मैलांचा, म्हणजे सुमारे १३० किलोमीटरचा प्रवास करून ते हॅम्पशायरमधल्या सेलबर्न या खेड्यात आणले. वाटेतल्या खडखडाटाने ते इतके जागे झाले होते की नव्या बागेत सोडताच त्याने शेवटच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. संध्याकाळी गारठा वाढला, तेव्हा भुसभुशीत माती शोधून ते पुन्हा आत गेले.

धर्मोपदेशकाचे नाव गिल्बर्ट व्हाइट. कासवाचे नाव टिमथी. आपल्याकडे या सुमारास पहिले इंग्रज-मराठा युद्ध चालू होते, पुण्यात नाना फडणीस कारभार पाहत होते आणि सवाई माधवरावांना सहावे वर्ष पुरे होत आले होते. त्या धामधुमीच्या काळात जगाच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक माणूस कासव कधी झोपते आणि कधी उठते हे तारखेनिशी लिहून ठेवत होता. पुढे १७८९ सालच्या मुद्रणवर्षाने प्रसिद्ध झालेल्या ‘द नॅचरल हिस्टरी अँड अँटिक्विटीज ऑफ सेलबर्न’ या त्याच्या पुस्तकात त्यातले काही भाग आले. हे पुस्तक गेली सव्वादोनशे वर्षे छापले जात आहे. त्यातल्या पक्ष्यांवर, झाडांवर, गांडुळांवर खूप लिहिले गेले. मला या लेखात फक्त एवढेच पाहायचे आहे, की उबदार प्रदेशातला हा प्राणी इंग्लंडच्या थंडीत अर्धशतकाहून अधिक काळ जगला कसा, आणि त्याच्यानंतर त्याच देशात आणलेले त्याचे लाखो भाऊबंद का जगले नाहीत.

आधी शब्दाची एक अडचण. मराठीत ‘कासव’ हा एकच शब्द आपण समुद्रातल्या, नदीतल्या, विहिरीतल्या आणि माळावरच्या अशा सगळ्यांसाठी वापरतो. शिवमंदिरात नंदीच्या पुढ्यात फरशीवर कोरलेले कासव नेमके कुठले, हे कुणी विचारत नाही. टिमथी जमिनीवरचे कासव होते: घुमटासारखी उंच पाठ, खांबासारखे पाय, पाण्याशी संबंध फक्त पिण्यापुरता. ते भूमध्य समुद्राच्या काठावरचे. एका जहाजावरच्या खलाशाकडून चिचेस्टर येथे आत्याच्या यजमानांनी ते १७४० च्या सुमारास अर्ध्या क्राउनला विकत घेतले, असे सांगतात. त्याच्या मृत्यूनंतर कवच पाहून एडवर्ड टर्नर बेनेट या प्राणिशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये ती वेगळी जात मानली आणि तिला व्हाइटचेच नाव दिले. आज तिला ‘टेस्टुडो ग्रीका’ या जातीची अल्जीरियाकडची उपजात समजतात. म्हणजे हे उत्तर आफ्रिकेतले जनावर. तिथेही डोंगराळ भागात थंडी पडते, आणि ही कासवे तिथेही काही आठवडे मातीत जातात. फरक इतकाच, की तिथला हिवाळा थोडक्यात आटोपतो आणि त्यानंतर खरे ऊन मिळते. सेलबर्नचा हिवाळा पाच-पाच महिने रेंगाळतो, आणि त्यानंतरच्या उन्हाचाही भरवसा नाही.

कासव शरीरात स्वतःची उष्णता निर्माण करून राखत नाही. सभोवारची हवा, माती, ऊन जेवढे देईल तेवढेच त्याचे तापमान. कुत्र्याला गोधडीत गुंडाळले तर त्याची ऊब त्याच्यापाशीच राहते. कासवाला गोधडीत गुंडाळले तर थंड कासव गोधडीत गुंडाळलेले राहते, एवढेच. उन्हात ते चालते, खाते, पचवते. गारठ्यात पचन मंदावते, मग थांबते. पोटात अन्न असताना पचन थांबले तर ते अन्न आतल्या आत कुजते. म्हणून झोपण्यापूर्वी पोट रिकामे व्हावे लागते, आणि त्यासाठी पुष्कळ दिवस आधीपासून खाणे सोडावे लागते.

हे आज पशुवैद्य सांगतात. व्हाइटला पचनाचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण रिंगमरहून ऑक्टोबर १७७० मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने नेमके हेच टिपले आहे. कासव साधारण नोव्हेंबरच्या मध्यास जमिनीत जाते आणि एप्रिलच्या मध्यास बाहेर येते. बाहेर आल्यावर पहिले काही दिवस त्याला खाण्यात रस नसतो, भर उन्हाळ्यात ते खादाड होते, आणि शरदातले शेवटचे सहा आठवडे जवळजवळ काहीच खात नाही. चीक असलेल्या पाल्यावर, म्हणजे लेट्यूस, डँडेलियन असल्या वनस्पतींवर, त्याची वासना. ज्याला कुणी उपवास शिकवला नाही असा हा प्राणी दीड महिन्याचे व्रत पाळून मग मातीत उतरत होता.

पुढच्या वर्षी, १७७१ च्या शरदात, व्हाइट पुन्हा आत्याकडे होता. १ नोव्हेंबरला त्याने कासवाला एका झुडपाशेजारी उकरायला लागलेले पाहिले. पुढच्या पायांनी माती खरवडायची आणि मागच्या पायांनी ती पाठीवरून टाकायची. पायांची हालचाल किती मंद, तर घड्याळाच्या तासकाट्याच्या किंचित पुढे. आपण ‘कासवाच्या गतीने’ म्हणतो ते कासव चालतानाचे. ते खणताना पाहिले असते तर म्हण आणखी कठोर झाली असती. दोन आठवडे होत आले तरी काम अपुरेच होते, कारण हवा उबदार होती आणि मधूनच ऊन पडले की कासव काम टाकून वर येई. थंडी कडक असती तर त्याने घाई केली असती, असे व्हाइटचे मत. पावसाला मात्र ते विलक्षण भिई. भरल्या गाडीचे चाक पाठीवरून गेले तरी चालेल असे कवच, पण पहिला थेंब पडायच्या आत कोपरा गाठायचा. ओले अंग थंड हवेत आणखी लवकर निवते. भीतीचे कारण बहुधा तेवढेच असावे.

त्या पत्रांमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आत्याविषयीची आहे. रिबेका स्नूक या बाईंनी तीस वर्षांहून अधिक काळ त्या कासवाला खाऊ घातले होते. त्या दिसल्या की ते अवघडल्या पावलांनी त्यांच्याकडे चालू लागे; परक्याकडे ढुंकूनही पाहत नसे. आपल्या संतवाङ्मयात कासवीचा दृष्टान्त वारंवार येतो. कासवीला स्तन नाहीत, ती पिलांना नुसत्या नजरेने पोसते, अशी ती जुनी कल्पना. ‘कूर्मदृष्टी’ हा शब्दच त्यातून आला. प्राणिशास्त्राच्या कसोटीला ती उतरत नाही. कासवी अंडी घालून निघून जाते. पण रिंगमरच्या अंगणात दृष्टी उलट दिशेने काम करत होती. चाळीस वर्षे आत्याने आणि नंतर तेरा वर्षे भाच्याने कासवाकडे पाहिले, आणि पाहण्याखेरीज फारसे काही केले नाही.

व्हाइटला कासवात एवढा रस असण्याचे आणखी एक कारण होते, आणि ते कासवाशी संबंधित नव्हते. हिवाळ्यात पाकोळ्या कुठे जातात, हा त्या काळच्या निसर्गप्रेमींचा मोठा वाद होता. परदेशी जातात म्हणणारे होते, तसेच त्या बिळात, कपारीत, पाण्याखाली झोपून राहतात म्हणणारेही होते. ज्याला ही पत्रे लिहिली तो डेन्स बॅरिंग्टन दुसऱ्या पक्षाचा. व्हाइटचा भाऊ जॉन जिब्राल्टरला होता आणि सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या पाकोळ्यांची खबर त्याच्याकडून येत असे. तरीही व्हाइटच्या मनातून ती शंका कधी पूर्ण गेली नाही. थंडीच्या तारांवर रांगेने बसलेल्या पाकोळ्या वर्षानुवर्षे पाहणाऱ्या आपल्याला हा वाद गमतीचा वाटेल. पण ज्या माणसाच्या डोळ्यांसमोर एक प्राणी दर नोव्हेंबरला जमिनीत नाहीसा होतो आणि एप्रिलमध्ये जिवंत वर येतो, त्याने पक्ष्यांबद्दल तशी शंका घेतली तर तिला वेडगळ म्हणता येणार नाही. टिमथी त्याच्या दृष्टीने या वादातला एक साक्षीदार होता.

सेलबर्नला आणल्यानंतर एका महिन्याने, २१ एप्रिल १७८० च्या पत्रात, व्हाइट ही सगळी हकिगत लिहायला बसला. पत्र अर्धे लिहून होते न होते, तो दमट, उबदार दुपार आली. तापमापक ५० अंश फॅरनहाइट दाखवत होता. गोगलगायींचे तांडे बाहेर पडले, आणि त्याच वेळी मातीचा ढिगारा हलला, टिमथीने डोके वर काढले. दुसऱ्या दिवशी ते मेलेले माणूस उठावे तसे बाहेर येऊन दुपारी चारपर्यंत हिंडले.

५० अंश फॅरनहाइट म्हणजे १० अंश सेल्सिअस. भूमध्य प्रदेशातील कासवे पाळणाऱ्यांना आज जे आकडे पाठ असतात, त्यांतला हा एक. शीतनिद्रेतल्या कासवाला साधारण ५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. १० च्या वर गेले की शरीर जागे होऊ लागते, साठवलेली चरबी जळू लागते, पण खाण्याइतके, पचवण्याइतके ऊन नसते. शून्याच्या खाली गेले की शरीरातले पाणी गोठू लागते. आधी डोळे जातात. कडक थंडीतून वाचलेली कितीतरी कासवे वसंतात आंधळी होऊन उठली आहेत. तेव्हा कासवाला हिवाळ्यात जे हवे असते ते म्हणजे एक अरुंद पट्टी, वरून आणि खालूनही बंद. गरम नको, गोठणारे नको. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे चढउतार नको.

ही पट्टी माती देते. आपल्याकडे ज्याने पौष महिन्यात पहाटे विहिरीवर आंघोळ केली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. वर हवा बोचत असते आणि पोहऱ्यातल्या पाण्यातून वाफ निघत असते. पाणी कुणी तापवलेले नसते. उन्हाळ्यात ते गार लागते, हिवाळ्यात कोमट, आणि प्रत्यक्षात ते जवळजवळ तेच असते. बदलते ती वरची हवा. जमिनीत जितके खोल जावे तितका ऋतूंचा आवाज क्षीण होत जातो. विहिरीइतके खोल जाण्याची टिमथीला गरज नव्हती. इंग्लंडात हातभर माती, वर पालापाचोळा आणि नशिबाने बर्फाची दुलई असली की भागते. बर्फाला दुलई म्हणणे आपल्याला खटकते, पण भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असते आणि त्याखालची जमीन उघड्या जमिनीपेक्षा उबदार राहते.

या व्यवस्थेची खरी परीक्षा डिसेंबर १७८४ मध्ये झाली. ती थंडी व्हाइटने एका स्वतंत्र पत्रात वर्णन केली आहे. त्याच्याकडे दोन तापमापक होते. त्यांतल्या एकावर शून्याच्या वर चार अंशांपर्यंतच खुणा होत्या, त्यामुळे त्यातला पारा खाली खाली जात पितळी आवरणात दडून बसला. दुसऱ्याने १० डिसेंबरच्या रात्री ११ वाजता शून्याखाली एक अंश फॅरनहाइट दाखवले, म्हणजे उणे १८ सेल्सिअस. जवळच दोनशे फूट उंच टेकाडावर न्यूटन हे गाव. तिथे याहून भयंकर असणार म्हणून चौकशी केली, तर त्याच वेळी तिथे १७ अंश! व्हाइटला वाटले त्यांचे यंत्र बिघडले असेल. त्याने आपला तापमापक वर पाठवला. दोन्ही यंत्रे शेजारी ठेवली, तर अगदी जुळली. थंड हवा जड असते आणि निवांत रात्री ती पाण्यासारखी उतारावरून वाहत येऊन खोलगट जागी साचते, हे आज द्राक्षबागायतदारालाही माहीत असते. सेलबर्न खोलगटात होते. त्याच खोलगटातल्या एका बागेत, मातीखाली, सुमारे तीन किलो वजनाचे आफ्रिकी कासव पडून होते. वसंतात ते वर आले, आणि त्यानंतरही नऊ वर्षे येत राहिले.

व्हाइटने त्यासाठी काय केले? शोधून पाहता फार थोडे सापडते. शेकोटी नाही, काचघर नाही. बाग भिंतीची होती, माती मोकळी होती. शरदातल्या दुबळ्या उन्हात टिमथी फळझाडांच्या भिंतीपाशी जाऊन बसे आणि पाठ भिंतीला तिरकी टेकवी. कलत्या पृष्ठभागावर जास्त किरण पडतात, ही भूमिती त्याने कुठे वाचली असेल, असे व्हाइट थट्टेने विचारतो. विटांची भिंत दिवसभर तापते आणि संध्याकाळी ती ऊब परत देते. ती भिंत फळे पिकवण्यासाठी बांधलेली होती, कासवाला तिचा फायदा आयता मिळाला. मला वाटते, टिमथीच्या आयुष्यातली सर्वांत मोठी भेट ती भिंत होती.

बाकी व्हाइटने केले ते प्रयोग. कर्ण्यातून मोठ्याने ओरडून पाहिले. टिमथीने दखल घेतली नाही. पाण्याच्या टबात सोडून पाहिले. ते हळूहळू बुडाले आणि घाबरून तळाशी चालू लागले. वेळोवेळी वजन केले. हा शेवटचा प्रयोग पोरकट वाटतो, पण तोच पुढे सर्वांत उपयोगी ठरायचा होता.

एके ठिकाणी मात्र व्हाइटशी माझे जमत नाही. जो प्राणी आयुष्याचा दोन-तृतीयांश भाग आनंदहीन गुंगीत घालवतो, त्याला देवाने इतके दीर्घायुष्य का द्यावे, असा प्रश्न त्याला पडतो. पाद्र्याच्या मनाला हे साहजिक. पण गुंगी आयुष्यातून वजा करायची तर आयुष्य उरणारच नाही. गुंगी होती म्हणूनच उरलेला एक-तृतीयांश शक्य झाला. पुढे व्हाइटचा सूर बदलतो हेही खरे. जूनच्या आरंभी टिमथी पहाटे पाचला उठून पंजांवर चालल्यासारखे बागभर फिरते, कुंपणाची प्रत्येक फट तपासते आणि संधी मिळताच माळ्याला चुकवून लांबच्या शेतात पसार होते, हे सांगताना त्याच्या आवाजात सहानुभूती आहे. या भटकंतीमागे प्रेमाची ओढ असावी, असा त्याचा कयास. टिमथी नर आहे, हे त्याने गृहीत धरले होते. कवच तपासल्यावर पुढे लक्षात आले की टिमथी मादी होती. अंडी घालायला जागा शोधणारी मादीही अशीच कुंपणे धुंडाळते, हे लक्षात घेतले तर त्या पहाटांचा अर्थ वेगळाही लागू शकतो. जाता जाता सांगायला हवे, की कासवांच्या पुष्कळ जातींत पिलू नर होणार की मादी हे घरट्यातल्या मातीची उष्णता ठरवते. ऊब जास्त असेल तर माद्या. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी राखणारे वाळूच्या तापमानाकडे लक्ष देतात ते याचसाठी. म्हणजे टिमथीचे मादी असणे हेही आफ्रिकेतल्या कुठल्याशा उबदार मातीचे देणे होते.

टिमथीच्या आधीचे एक कासव असे नशीबवान नव्हते. विल्यम लॉड हा धर्माधिकारी १६३३ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप होऊन लंडनच्या लँबेथ प्रासादात आला, तेव्हा त्याने आपले कासवही आणले. १६४५ मध्ये लॉडचा शिरच्छेद झाला. त्यानंतर चार वर्षांनी राजाचाही झाला. प्रजासत्ताक आले, गेले, प्लेग आला, लंडन जळले, राजघराणी बदलली. कासव दर हिवाळ्यात लँबेथच्या बागेत झोपत आणि उठत राहिले. १७५३ च्या सुमारास, लॉडच्या मागे शंभरावर वर्षांनी, ते मेले. कारण लिहून ठेवलेले आहे: माळ्याचा हलगर्जीपणा. भर थंडीत त्याला उकरून वर काढले आणि तसेच उघड्यावर राहू दिले. पैजेखातर असे केले, अशीही एक कथा आहे. यादवी युद्ध ज्याने पचवले त्याला एक फावडे पचले नाही. व्हाइटनेही मार्चमध्ये कासव उकरूनच काढले होते. त्याने खोक्यात माती भरली होती, एवढाच फरक.

एकोणिसाव्या शतकात ही कासवे इंग्लंडात वाढू लागली. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध पुन्हा एक टिमथी: क्रिमियन युद्धाच्या वेळी, १८५४ मध्ये, ‘क्वीन’ या युद्धनौकेवर सेव्हास्तपोलचा तोफमारा पाहिलेले आणि पुढे डेव्हनमधल्या पाउडरहॅम किल्ल्याच्या बागेत २००४ पर्यंत जगलेले. १९२६ मध्ये त्याचे लग्न लावायचे ठरले तेव्हा तेही मादी निघाले. या प्रख्यात म्हाताऱ्यांमुळे एक समज पसरला, की कासव म्हणजे न मरणारे जनावर. बागेत सोडा, विसरा, नातवंडांना मिळेल. इतिहासात असे नेहमी होते. जी कासवे वाचली त्यांना नावे मिळाली. जी पहिल्याच जानेवारीत गेली, त्यांची नोंद ठेवायला कुणी व्हाइट नव्हता.

विसाव्या शतकात तर हा व्यापार झाला. मोरोक्कोतून लाखोंच्या संख्येने कासवे पेट्यांतून एकावर एक रचून इंग्लंडात येत. बाजारात ती स्वस्त मिळत. मुलांना कुत्रा परवडत नसेल तर कासव. पाठीवर घरच्या रंगाने नाव लिहायचे, पळून जाऊ नये म्हणून कवचाच्या कडेला भोक पाडून दोरी ओवायची. शरद आला की चहाच्या रिकाम्या खोक्यात पेंढा आणि वर्तमानपत्राच्या चिंध्या भरून त्यात कासव ठेवायचे आणि खोके माळ्यावर किंवा पडवीत सरकवायचे. बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात दर वर्षी हा सोहळा होई. तिथले कासव १९६३ मध्ये फ्रेड या नावाने आले आणि नंतर त्याची फ्रेडा झाली. टिमथींची परंपरा तिनेही राखली.

वसंतात खोके उघडायचे. अनेक घरांत ते उघडणाऱ्या मुलाने आयुष्यातला पहिला मृत्यू त्यात पाहिला.

दोष पेंढ्याचा नव्हता. पेंढा ऊब देत नाही, बदल फक्त लांबवतो. गोठलेल्या पडवीत चार दिवसांनी आतही गोठतेच. ज्यांना हे भय वाटे ते प्रेमाने खोके स्वयंपाकघरात, पाण्याच्या गरम टाकीजवळ ठेवत. तिथे कासव महिनोन्महिने अर्धवट जागे राही, चरबी जाळत राही आणि मार्चपर्यंत आतून रिते होई. पण बहुतेकांचा घात त्याही आधी झालेला असे. प्रवासात उपाशी राहिलेले, पावसाळी इंग्रजी उन्हाळ्यात पुरेसे न तापलेले, म्हणून पुरेसे न खाल्लेले कासव हिवाळ्याला सामोरे जाई ते रित्या कोठारानिशी. थंडीने फक्त शेवटची सही केली. ऑलिफंट जॅक्सन या पशुवैद्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस निरोगी आणि आजारी कासवांची वजने व कवचाच्या लांब्या यांचा मेळ घालून एक आलेख मांडला. अमुक लांबीच्या कासवाचे वजन अमुकच्या खाली असेल तर त्याला त्या वर्षी झोपू देऊ नये, दिव्याखाली जागे ठेवून खाऊ घालावे. तराजू पुन्हा कामी आला, व्हाइटनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी.

१ जानेवारी १९८४ पासून युरोपीय समुदायाने या कासवांची व्यापारी आयात बंद केली. मग जी उरली होती ती मौल्यवान झाली आणि लोक शिकू लागले. आज ब्रिटनमध्ये कासव झोपवण्याची सर्वमान्य जागा म्हणजे फ्रिज. खाण्याचा नव्हे, वेगळा घेतलेला. आत खोक्यात माती, ५ अंशांवर नेमलेले तापमान, ताज्या हवेसाठी अधूनमधून उघडलेले दार, दर काही दिवसांनी वजन. कासवाला थंडीपासून वाचवण्यासाठी त्याला शीतकपाटात ठेवायचे, हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला विनोद वाटला होता. पण रिंगमरच्या अंगणातल्या मातीचे काम तेच होते. विजेवर चालत नव्हते, एवढेच.

हे सगळे वाचून आपल्याकडच्या एखाद्याने घरातल्या कासवावर प्रयोग करू नये म्हणून दोन शब्द. आपल्याकडे चोरून पाळली जातात ती बहुधा पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेली तारका कासवे. गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, आंध्र-तमिळनाडू आणि श्रीलंका हे त्यांचे मुलूख. ती शीतनिद्रा घेतच नाहीत. टिमथीला जो गारवा तारतो तो त्यांना मारतो. त्यांना बारा महिने ऊन हवे. घरात ‘भरभराट’ यावी म्हणून आणलेले असे कासव नाशिक-नागपूरच्या थंडीत गुळगुळीत फरशीवर ठेवले जाते. ते हलेनासे होते, नाकातोंडातून फेस येतो, आणि घरचे म्हणतात, झोपलेय. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला पाळणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही पूर्ण बंद झाला आहे. तरी तस्करांच्या पिशव्यांतून ती सापडत राहतात. एकाच शब्दाने सगळ्यांना कासव म्हणण्याची किंमत कधीकधी ती अशी देतात.

टिमथीचे कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. व्हाइटच्या दैनंदिनीतली शेवटची नोंद १५ जून १७९३ ची. २६ जूनला तो गेला. टिमथी त्या उन्हाळ्यात बागेतच होते. लेट्यूस खाऊन, भिंतीला पाठ टेकवून, शरदात उपवास करून ते नेहमीप्रमाणे मातीत उतरले असणार. कोणत्या तारखेला, ते लिहून ठेवायला तो नव्हता. पुढच्या वसंतात, १७९४ मध्ये, टिमथीही गेले.